विंडोज किती, बाकीचं किती

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी मी बीडला एका दूध संघाच्या कार्यालयात कम्प्युटर बघायचो. नेमणूकपत्रावर माझं पद काय लिहिलं होतं ते मलाही नीट कळलं नव्हतं. प्रिंटर अडला की मला बोलावणं, साहेबांच्या मुलीचा परीक्षेचा फॉर्म भरायचा की मलाच, आणि संघाची वेबसाइट बंद पडली की शिव्या खायलाही मीच. ती वेबसाइट मी एकट्याने बनवली होती. पुण्यात एका छोट्या कंपनीत दोन वर्षं काढून मी नांदूरघाटला, आपल्या गावी परत आलो होतो. जिल्ह्यात माझ्याइतकं कम्प्युटरमधलं कुणाला कळत नाही, अशी तेव्हा माझी समजूत होती.

स्वभावाने मी संशयी. हे घरातूनच आलेलं. वडील डेअरीत दूध घालायला गेले की फॅटच्या मशीनचा आकडा स्थिर होईपर्यंत मान वाकडी करून बघत राहायचे, आणि आकडा त्यांच्या मनासारखा आला तरी बाहेर येऊन म्हणायचे, "आज जास्त दाखवला. उद्या कमी दाखवायचा बेत हाय त्याचा." आमच्या भागात दूध घालणारा प्रत्येक माणूस असाच. संघातल्या लोकांचं उलटं असायचं. त्यांना दूध घालणाऱ्यावर संशय.

तर एका सकाळी साहेबांनी, म्हणजे आमच्या कार्यकारी अधिकाऱ्यांनी, मला केबिनमध्ये बोलावलं. संघ सगळ्या गावच्या दूध संस्थांसाठी एक नवा प्रोग्राम विकत घेणार होता. तो फक्त विंडोजवर चालणार होता. संचालक मंडळाच्या बैठकीआधी साहेबांना एक कागद हवा होता. किती संस्थांमध्ये विंडोज आहे, किती ठिकाणी दुसरं काही आहे.

"अंदाज दिला तरी चालेल," ते म्हणाले. "पण विंडोज जास्तच असणार ना?"

प्रश्न विचारताना उत्तर असं पुढे सरकवलेलं मला खटकलं. पण मी मान हलवली आणि बाहेर येऊन फोनला बसलो.

पहिल्याच सचिवाने विचारलं, "कावून विचारायलात?"

"काही नाही, तुमच्या कम्प्युटरवर कोणती सिस्टीम आहे ते हवंय."

"सिस्टीम एकदम नीट हाय. आमच्या संस्थेत कसलीच भानगड न्हाई. कुणी अर्ज केलाय का आमच्या विरोधात?"

दुसऱ्याने कम्प्युटर आहे की नाही हेच सांगितलं नाही. "नवा देणार असाल तर न्हाई म्हणून लिवा," तो म्हणाला. "जुना नेणार असाल तरीबी न्हाई म्हणूनच लिवा." तिसऱ्याने फोन अध्यक्षांकडे दिला, अध्यक्षांनी मला माझं गाव, आडनाव, वडील कोणत्या पॅनलचे, हे सगळं विचारून घेतलं आणि मग बघून सांगतो म्हणून ठेवून दिला. दुपारपर्यंत माझ्या कागदावर एकही खात्रीची नोंद नव्हती.

मग मला वाटलं, विचारायचंच कशाला? वेबसाइटला सगळं माहीत आहे.

दुष्काळ सुरू झाल्यापासून संघ सभासदांच्या जनावरांसाठी मूरघासाच्या, म्हणजे मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, पिशव्या पाठवायचा. कोणत्या गावाला किती पाठवायच्या ते ठरावं म्हणून प्रत्येक संस्थेने दर आठवड्याला आपल्याकडची दुभती जनावरं वेबसाइटवर भरायची होती. आणि कुणीही साइट उघडली की त्याचा ब्राउझर गुपचूप आपली ओळख सांगतो: मी अमुक ब्राउझर, अमुक सिस्टीमवर चालतो. ही ओळ सर्व्हरवर आपोआप लिहिली जाते. माणूस फोनवर थापा मारेल, मशीन कशाला मारेल, असं मला वाटलं. महिन्याभराच्या नोंदी काढून मी मोजायला बसलो.

पहिल्या मोजणीत लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी काही जण वापरतात ती फुकटची सिस्टीम, इतकं निघालं की मी खुर्चीतून उठलो. आमच्या गावखेड्यांत लिनक्स? मग ध्यानात आलं. अँड्रॉइड मोबाइल आपली ओळख देताना लिनक्स हा शब्द उच्चारतो, आणि लोक पिशव्या कधी येणार ते बघायला मोबाइलवरून साइट उघडत होते. ते सगळे मी लिनक्समध्ये धरले होते. मोबाइल वेगळे काढले. जनावरांची नोंद फक्त कम्प्युटरवरूनच करता यायची, म्हणून तेवढ्याच नोंदी घेतल्या. आता सगळं विंडोज. साहेबांना हवं होतं तसंच.

पण त्या नोंदींत मला आणखी काहीतरी दिसलं. पाटोदा तालुक्यातल्या बऱ्याच गावांच्या नोंदी एकाच इंटरनेटच्या पत्त्यावरून येत होत्या. दर आठवड्याच्या त्याच दिवशी, त्याच दोन-तीन तासांत, एकामागून एक. ब्राउझर तोच आणि विंडोजही तेच जुनं. एक गाव, दुसरं गाव, तिसरं गाव, असे एकाच मशीनवर बसून कुणीतरी गावांमागून गावांची जनावरं भरत होतं.

माझ्या डोक्यात चित्र तयार झालं. कुणीतरी पुढारी, त्याचं ऑफिस, आणि नसलेल्या म्हशींच्या नावावर येणारा मूरघास. मी साहेबांना दोन पानी टिपण दिलं. विंडोजच्या आकड्याखाली हा संशयही लिहिला. साहेबांनी टिपण दोनदा वाचलं आणि त्याच दिवशी त्या सगळ्या गावांचा मूरघास चौकशी होईपर्यंत थांबवला.

मला बरं वाटलं. हे लपवून काय करू?

चौकशीला कुणी जाईना. पाच दिवस गेले. शेवटी मीच साहेबांना म्हणालो, मी जाऊन बघतो. सकाळच्या एसटीने मांजरसुंब्यावरून पाटोद्याला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची रानं पांढरी पडली होती. गाडीत शेजारी बसलेल्या माणसाने मी कुठला, काय काम, असं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी खोटं सांगितलं.

पत्ता काढायला फार फिरावं लागलं नाही. संस्थांची माहिती कुठे भरतात म्हणून चहाच्या टपरीवर सहज विचारलं, तर टपरीवाल्याने बोट दाखवलं. बसस्थानकामागच्या गल्लीत बियाण्याच्या दुकानावर एक खोली होती. लोखंडी जिना, बाहेर बाकडं, बाकड्यावर तीन-चार सचिव मांडीवर वह्या घेऊन बसलेले. आत एक टेबल, एक जुना कम्प्युटर, आणि कोपऱ्यात कापड झाकलेले दोन टाइपरायटर. खुर्चीत पन्नाशीच्या एक बाई होत्या. पूर्वी तिथे त्या टायपिंगचे वर्ग घ्यायच्या. आता झेरॉक्स, अर्ज, दाखले. सगळे त्यांना बाई म्हणत.

मी गिऱ्हाईक असल्यासारखा बाकड्यावर बसलो. समोरचा सचिव वही उघडून नंबर वाचत होता आणि बाई ते टाइप करत होत्या. लांबलचक बारा आकडी नंबर. मध्येच त्या थांबल्या.

"ह्यो नंबर मागल्या आठवड्यात दुसऱ्याच्या नावावर हाय."

"विकली त्याने त्याला, बाई."

"मंग तसं सांगा की. आन् ही पुढची म्हैस?"

"ती कमी करा. परवा बाजारात गेली. मूरघास यायचा बंद झालाय ना."

बाईंनी आपल्या रजिस्टरमधल्या एका ओळीवर पट्टी ठेवून रेघ मारली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमी संघातले ना?"

मी दचकलो. "कशावरून?"

"वहाणा बीडच्या हायेत, आन् हातात कागद न्हाई. इथं बिनकागदाचं कुणी येत न्हाई." सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाकड्यावरची जागा माझ्या दोन्ही बाजूंनी रिकामी झाली. "बोला. कावून थांबवला मूरघास?"

मी नोंदींची गोष्ट सांगितली. सगळी गावं एकाच मशीनवरून, म्हणून संशय आला. बाईंनी ऐकून घेतलं आणि बाकड्याकडे हात केला. "ह्यांना विचारा, त्यांच्या मशिनी कुठं हायेत."

एकाची विजेच्या कमी-जास्त दाबाने जळली होती. एकाची सुरू व्हायची, पण इंटरनेट नव्हतं. बाकीच्यांच्या व्हायरसने बसल्या होत्या, आणि दुरुस्त करून आणल्या की पुन्हा पंधरा दिवसांत बसायच्या. म्हणून आठवड्यातून एकदा बाजाराला आले की सगळे बाईंकडे यायचे. बाईंचा एक नियम होता. नुसता आकडा सांगितलेला त्या भरत नसत. प्रत्येक जनावराच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर आणायचा, तो त्या रजिस्टरमध्ये उतरवणार, नंबर मोजणार आणि मगच आकडा भरणार. संघाने हे कधी मागितलं नव्हतं. आमच्या फॉर्मवर बिल्ल्याला जागाच नव्हती.

"तुम्ही का करता मग?" मी विचारलं.

"माझा बाप मेंढरं राखायचा. रोज संध्याकाळी एकेक मोजून वाड्यात घालायचा. जितराबाचा आकडा तोंडी सांगितला तर त्याने मला दारात उभं केलं नसतं." मग त्या सचिवांकडे वळून म्हणाल्या, "आन् ह्यांच्यावर माझा इस्वास न्हाई." सचिव हसले, पण कुणी नाही म्हणालं नाही.

मी मशीन बघायला मागितली. बाईंनी आधी नाही म्हणून सांगितलं. मग स्वतःच खुर्ची मागे सरकवली. "बगा. हात लावू नका."

मी पडद्याकडे बघितलं. ते विंडोज नव्हतं. लिनक्स होतं. जुनं, साधं, पण स्वच्छ.

"हे कुणी टाकलं?"

"मी. एका मासिकाबरोबर तबकडी आलती. सगळ्यांचे पेनड्राइव्ह हितंच लागतात, तीन डाव विंडोज बसलं माझं. हे बसत न्हाई."

"पण आमच्याकडे तर विंडोज नोंदलं गेलंय. दर वेळी."

बाईंनी चष्मा वर केला आणि पहिल्यांदाच नीट माझ्याकडे बघितलं. "आता वळखला आवाज. तुमीच का ते? तुमची साइट ह्या मशीनवर उघडत नव्हती तवा दोन डाव फोन केलता मी. लाल अक्षरात यायचं, ही साइट फक्त विंडोजवर चालते. तुमी म्हणालात, मंग विंडोज टाका. आन् फोन ठेवला."

फोन मला आठवला नाही. पण ती लाल ओळ आठवली. ती मीच लिहिली होती. पुण्यातल्या एका जुन्या कामातून तो तुकडा उचलून मी आमच्या साइटला चिकटवला होता. नोंद करायला येणाऱ्या कम्प्युटरने विंडोज असल्याचं सांगितलं नाही तर दार बंद. त्याची काही गरज नव्हती. साइट कशावरही चालली असती.

"मंग मी ब्राउझरला सांगितलं, आपली वळख विंडोज म्हणून दे," बाई म्हणाल्या. "दिली त्याने. तुमी लगीच आत घेतलं."

बाकड्यावर कुणीतरी मोठ्याने हसलं. मला कानापर्यंत गरम झालं. मोबाइल मी लिनक्स म्हणून मोजले होते आणि जिथे खरोखर लिनक्स होतं तेच विंडोज म्हणून. आणि विंडोजशिवाय कुणाला आत येऊच द्यायचं नाही असं दार लावून, आत किती विंडोज आहेत ते मी मोजत बसलो होतो.

तरी माझा संशय पुरता गेला नाही. खोटं सांगू नये म्हणून हे लिहितो. मी बाईंच्या रजिस्टरमधून सात नंबर उतरवून घेतले आणि वही वाचणाऱ्या त्या सचिवाच्या मोटरसायकलवर त्याच्या गावी गेलो. लिंबागणेशच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. सहा जनावरं गोठ्यांमध्ये होती. प्रत्येकाचा कान हातात धरून मी नंबर ताडून बघितला. सातवी म्हैस म्हणजे सकाळी रेघ मारलेली. तिच्या गोठ्यात एक म्हातारा बाजेवर बसला होता. दावणीला काही नव्हतं.

"तीन दिस कडबा उसना आणला," तो म्हणाला. "मग कुणी देईना. तिच्या डोळ्यांत बघवंना."

संध्याकाळी मी बीडला साहेबांच्या केबिनमध्ये उभा होतो. सगळं सांगितलं. मूरघास आजच सोडा म्हणालो.

"शुक्रवारी बैठक आहे. तिथे ठेवू."

"साहेब, जनावरं विकायला लागलेत लोक."

"तुमच्याच टिपणावर थांबवलंय," ते म्हणाले. "आता तुमच्याच तोंडी सांगण्यावर सोडलं तर उद्या मला विचारतील. आणि तो विंडोजचा आकडा तसाच राहू द्या. त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

मी बाहेर आलो. संघाच्या अध्यक्षांच्या घरी त्याच संध्याकाळी जाता आलं असतं. गेलो नाही. नोकरी नवी होती, हे कारण मी स्वतःला दिलं. त्याऐवजी तीन दिवस मी गावं फिरलो आणि मशिनी डोळ्यांनी बघितल्या. एका संस्थेत कम्प्युटर पेंडीच्या पोत्यांमागे होता, खोकंही फोडलेलं नव्हतं. एका ठिकाणी तो संस्थेच्या अध्यक्षांच्या घरी नेऊन त्यावर सिनेमे बघत होते. एका ठिकाणी एकाच मशीनवर विंडोजही होतं आणि दुसरी सिस्टीमही, आणि सचिवाला त्यातलं काहीच उघडता येत नव्हतं. विंडोज किती? विकत घेतलेले मोजले तर एक उत्तर, चालू असलेले मोजले तर दुसरं, आणि रोज वापरतात ते मोजले तर तिसरं.

गुरुवारी संध्याकाळी कार्यालयात आलो तेव्हा टंकलेखनाच्या टेबलावर बैठकीचे कागद लावणं चाललं होतं. नव्या प्रोग्रामच्या खरेदीचा ठराव त्यात होता. कागदाच्या कडा पिवळसर झालेल्या, वर टाचणीचा गंज उतरलेला. तो माझ्या मोजणीच्या बराच आधी टाइप झाला होता, याची मला खात्री वाटली. आकड्याची जागा तेवढी कोरी होती, आणि त्या जागेत आता शाईने माझा आकडा भरला होता. कुणासाठी, कशासाठी, ते मला तेव्हा कळलं नाही, नंतरही नाही. माझा संशय आहे, एवढंच सांगू शकतो.

शुक्रवारी पाटोद्याच्या बाई रजिस्टर घेऊन स्वतः आल्या. बरोबर चार सचिव. शिपायाने त्यांना व्हरांड्यात बसवलं. बैठकीत साहेबांनी माझं टिपण वाचलं आणि माझ्याकडे न बघता पुढच्या विषयावर जायला लागले. तेव्हा मी उभा राहिलो.

"ते टिपण चूक आहे," मी म्हणालो. "आणि विंडोजचा आकडाही."

अध्यक्ष मोठे बागायतदार, बोलणं रोखठोक. "म्हंजे कम्प्युटर खोटं बोलला का बे?"

"त्याने खोटं बोलावं असं मीच लिहून ठेवलं होतं, साहेब." आणि त्या लाल ओळीपासून सगळं सांगितलं. व्हरांड्यातल्या बाईंना आत बोलवा म्हणालो.

बाई आत आल्या. अध्यक्षांनी रजिस्टर हातात घेतलं, पानं उलटली, आपल्याच एका नातेवाइकाच्या गोठ्यातले नंबर काढले आणि तिथल्या तिथे फोन लावून ताडून घेतले. मग रजिस्टर मिटलं. दुपारी मूरघासाची गाडी पाटोद्याकडे निघाली. मध्ये नऊ दिवस गेले होते. खरेदीचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला, तिथून त्याच्या पुढच्या, आणि पुढे संघातलं दूधच इतकं कमी झालं की तो विषय कुणी काढला नाही. साहेब माझ्याशी कामापुरतं बोलू लागले. वर्ष संपायच्या आत मी नोकरी सोडली.

ती लाल ओळ मी बैठकीच्या रात्रीच काढून टाकली होती. बाईंना फोन करून सांगितलं. "बरं," त्या म्हणाल्या. "दोन आठवडे बघते. मंग खरी वळख सांगीन." तिसऱ्या आठवड्यात आमच्या नोंदींत पाटोद्याहून लिनक्स आलं.

नोकरी सोडण्याआधी मी त्या म्हाताऱ्याकडे गेलो. त्याच्या बायकोने कोरा चहा दिला. मी माफी मागायला गेलो होतो; माझ्या टिपणाची गोष्ट सांगितली. म्हातारा सगळं ऐकत होता.

"आमची म्हैस तुमच्या कम्प्युटरात दिसली नव्हती का?"

"तिचा नंबर बाईंच्या रजिस्टरमध्ये होता, कम्प्युटरात नुसता आकडा. मला वाटलं ती नाहीच."

तो म्हणाला, "नंबर हाय ना तुमच्याकडं? मंग आता कुठं हाय ती, तेवढं शोधून द्या."

मला दीड महिना लागला. ओळखीच्या एका जनावरांच्या डॉक्टरांनी लसीकरणाच्या याद्या चाळून दिल्या आणि गोदावरीकाठच्या एका गावात तो नंबर सापडला. तिथे अजून पाणी होतं. मी म्हाताऱ्याला फोन करून गावाचं नाव सांगितलं.

"तीच हाय कशावरून?" त्याने विचारलं.

"नंबर तोच आहे, बाबा."

"बिल्ला काय, कुणीबी कुणाच्या कानात घालंल."

दुसऱ्या दिवशी तो एसटीने स्वतः गेला. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"तीच हाय," तो म्हणाला. "रेडी झालीय तिला."